किल्ली देण्याआधी एक कागद



घर घेताना आपण किती चौकशी करतो! पाणी कुठलं आहे, मंदिर चालत जाण्याइतकं जवळ आहे का, शेजार कसा आहे, गच्ची कोणाच्या वापरात आहे. शिवाय वकील कागद बघतो, बँक कागद बघते. घर विकायची वेळ आली की मात्र सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, भाव किती येईल? जो माणूस आपलं घर विकून देणार आहे, त्याच्याशी आपलं नेमकं काय ठरलंय, हे कोणी विचारत नाही. "दोन टक्के" एवढे दोन शब्द होतात आणि किल्ली त्याच्या हातात जाते.

आज त्या दोन टक्क्यांच्या मागच्या कागदाविषयी लिहायचं आहे. विषय रुक्ष वाटेल. पण आपल्यातल्या कितीतरी जणींच्या नावावर आता घर आहे. मुलं पुण्या-मुंबईला किंवा परदेशात आहेत, आणि गावाकडचं घर विकायचा प्रसंग आज ना उद्या बऱ्याच जणींवर येणार आहे.

माझ्या मोठ्या जाऊबाईंना आम्ही सगळे आक्का म्हणतो. मोठे दीर गेल्यापासून त्या सांगलीत विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये एकट्याच राहत होत्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे दुखरे. मुलगा पुण्यात. हा फ्लॅट विकायचा आणि मुलाच्या घराजवळ तळमजल्यावर दोन खोल्या घ्यायच्या, असं ठरलं. एजंट मिळाला तोही ओळखीतला, समाजातलाच, मंदिरात भेटणारा. मुलगा बोलायला गोड आणि कामाला चपळ. त्याने मोबाईलवर दोन पानी इंग्रजी करार पाठवला आणि निरोप दिला, "काकू, सही करून फोटो पाठवा, उद्यापासून गिऱ्हाईक आणतो."

आक्कांनी मला फोन केला. "अगं, तू जरा वाचून सांग. सही तर करायचीच आहे. आपल्यातलाच आहे, त्याला कागदाबद्दल काय विचारायचं? अविश्वास दाखवल्यासारखं होतं."

मी म्हटलं, "आक्का, तुम्ही माहेरी अडत दुकानात वाढलात. हळदीचं पोतं विकलं की शेतकऱ्याला पट्टी मिळायची ना?"

"मिळायची की. वजन, भाव, अडत, हमाली, तोलाई, सगळं लिहिलेलं."

"मग शेतकरी तुमच्या वडिलांवर अविश्वास दाखवत होता का?"

त्या हसल्या, आणि आम्ही कागद वाचायला बसलो. मी एकेक कलम वाचत वहीत मराठीत उतरवून घेतलं. वाचून झाल्यावर वहीत पाच गोष्टी उरल्या, ज्या "दोन टक्के" या दोन शब्दांत कुठेच नव्हत्या.

पहिली. विकण्याचा हक्क सहा महिने फक्त त्या एजंटचा. म्हणजे दुसऱ्या एजंटकडे जायचं नाही, एवढंच नव्हे. आक्कांनी स्वतः गिऱ्हाईक शोधलं तरी दलाली त्याचीच. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी त्यांच्या लेकीसाठी हाच फ्लॅट श्रावणात विचारला होता. एजंट तेव्हा चित्रातही नव्हता. पण सही झाल्यावर शेजाऱ्यांनी फ्लॅट घेतला असता, तरी दलाली द्यावी लागली असती.

दुसरी. सहा महिने संपले आणि पंधरा दिवस आधी लेखी कळवलं नाही, तर करार आपोआप पुढचे सहा महिने चालू. ही तारीख कोणाच्या लक्षात राहणार?

तिसरी. दलाली कधी द्यायची? टोकन मिळाल्याबरोबर सगळी. पुढे गिऱ्हाइकाचं कर्ज नामंजूर झालं, व्यवहार मोडला, तरी दिलेली दलाली परत नाही.

चौथी. करार संपल्यानंतरही वर्षभरात घर विकलं, तर "एजंटच्या प्रयत्नांमुळे" विकलं असं धरून दलाली लागू. प्रयत्न म्हणजे काय, कोणाला घर दाखवलं, याची यादी कुठेच नाही.

पाचवी. "इतर खर्च व कर वेगळे." किती, कसले, ते लिहिलेलं नाही.

या पाचव्या ओळीचा हिशेब मांडून बघा. घर ४८ लाखांना गेलं, तर दोन टक्क्यांनी ९६,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १७,२८०. एकूण १,१३,२८०. आक्का मनात ९६,००० धरून बसल्या होत्या. सतरा हजार म्हणजे त्यांच्या दोन महिन्यांचा घरखर्च. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर साधारणपणे त्याला जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसलेल्याला जीएसटी मागताही येत नाही. म्हणून "जीएसटी धरून की वेगळा?" आणि "तुमचा जीएसटी क्रमांक काय?" हे दोन प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायचे. "सोसायटीचं मी बघून घेतो" याचेही कधी कधी वेगळे पैसे लागतात. महापालिका हद्दीत गृहनिर्माण सोसायटीला हस्तांतरणाचं प्रीमियम जास्तीत जास्त २५,००० रुपयेच घेता येतं, हेही माहीत असू द्या.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. आपण मालक आणि तो आपला एजंट, हे नातं १८७२ च्या भारतीय करार कायद्यात आहे. त्यातलं कलम २१९ मला फार उपयोगी वाटलं. वेगळं काही ठरलेलं नसेल, तर काम पूर्ण होईपर्यंत एजंटचा मोबदला देय होत नाही. "वेगळं काही ठरलेलं नसेल तर" हे शब्द नीट लक्षात घ्या. टोकनवरच सगळी दलाली, असं लिहिलेल्या कागदावर सही केली की तेच "वेगळं ठरलेलं" होतं. कायद्याने आपल्या बाजूला ठेवलेली गोष्ट आपण सहीने सोडून देतो.

मुदतीचंही तसंच. ठरावीक मुदतीचा करार पुरेसं कारण नसताना मध्येच मोडला, तर कलम २०५ प्रमाणे भरपाई मागता येते. म्हणून मुदत आधीच बेताची ठेवायची. उलट बाजूने, एजंटनेही कामात वाजवी कसब आणि काळजी दाखवायची आहे, मागितला तर हिशेब द्यायचा आहे, आणि कामात गैरवर्तन केलं तर त्या कामाच्या मोबदल्यावर त्याचा हक्क राहत नाही. हे सगळं त्याच कायद्यात आहे. फक्त घर विकताना आपल्याला ते कोणी सांगत नाही.

"मग रेरा कशासाठी आहे?" असं तुमच्यापैकी कोणी विचारेल. मीही आधी तिकडेच बघितलं. २०१६ च्या रेरा कायद्याने एजंटला नोंदणी सक्तीची केली. महाराष्ट्रात महारेराने त्यांच्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आणली. चांगलंच झालं. पण ही नोंदणीची सक्ती रेरात नोंदलेल्या प्रकल्पांमधल्या विक्रीसाठी आहे. आक्कांची इमारत १९९८ सालची. अशा जुन्या घराची फेरविक्री करून देणाऱ्यावर ती सक्ती नाही. म्हणजे नव्या इमारतीतला फ्लॅट घेणाऱ्याच्या पाठीशी एक व्यवस्था उभी आहे, आणि आयुष्यभराचं जुनं घर विकणाऱ्या बाईच्या पाठीशी तिने सही केलेला कागद. मग तो कागद तरी सरळ नको का?

माझी पुतणी, म्हणजे आक्कांची लेक, इंग्लंडमध्ये असते. तिने मागच्या वर्षी तिथला फ्लॅट विकला. तिला विचारलं तर ती म्हणाली, "काकू, इथे एजंटला सहीच्या आधी लेखी सांगावंच लागतं, पैसे किती आणि कधी द्यायचे ते." ब्रिटनमध्ये १९७९ चा इस्टेट एजंट्स कायदा आहे, आणि १९९१ च्या नियमांनी करारातल्या काही शब्दांचे अर्थ ठरवून दिले आहेत. 'सोल एजन्सी' म्हणजे मुदतीत दुसऱ्या एजंटमार्फत विकलं तर दलाली लागू. स्वतः गिऱ्हाईक शोधलं तर नाही. 'सोल सेलिंग राइट्स' म्हणजे गिऱ्हाईक कोणीही आणलं, अगदी तुमची सख्खी बहीण घेणार असली, तरी दलाली लागू. दोन शब्दांत एवढा फरक! म्हणून असे शब्द करारात असले, तर त्यांचा अर्थ ठरलेल्या शब्दांत लिहून द्यावा लागतो. सही घरी येऊन घेतली असेल, तर साधारणपणे चौदा दिवसांत करार रद्द करता येतो. तक्रार असेल तर निवाडा करणारी योजना आहे, आणि घरं विकणाऱ्या प्रत्येक एजंटला तिचं सभासद व्हावंच लागतं. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. पण अर्थ आधी सांगायचा आणि सही नंतर घ्यायची, हा क्रम त्यांनी कायद्यात बसवला आहे. आक्कांच्या कागदातलं पहिलं कलम म्हणजे तेच 'सोल सेलिंग राइट्स', फक्त अर्थ न सांगता लिहिलेलं.

रविवारी आम्ही त्या मुलाला आक्कांकडे बोलावलं. चहा झाला. वही समोर ठेवून मी एकेक मुद्दा विचारला. त्याचा चेहरा उतरला. "वहिनी, हा आमचा नेहमीचा फॉर्म आहे. आजवर कोणी असं विचारलं नाही."

आक्का शांतपणे म्हणाल्या, "बाळ, तुझ्यावर शंका नाही. पण मला एकच घर आहे. ते एकदाच विकता येणार."

मग तोही मोकळा बोलला. "काकू, मी वीस-वीस जणांना घर दाखवतो. माझं पेट्रोल, माझा वेळ. शेवटी गिऱ्हाईक आणि मालक परस्पर ठरवतात आणि माझा फोनसुद्धा उचलत नाहीत. म्हणून वकिलाने ते वर्षाचं कलम घातलंय."

त्याचंही खरं होतं. आपल्यातही असं वागणारे असतात, आणि दोन टक्के वाचवले म्हणून वर फुशारकी मारतात. त्याने आणलेलं गिऱ्हाईक त्याच्या पाठीमागे घेणं म्हणजे त्याची मजुरी बुडवणंच. म्हणून त्या कलमाला आम्ही नाही म्हटलं नाही, फक्त त्याला हद्द घातली. ज्यांना त्याने घर दाखवलं, त्यांची नावं आणि तारखा तो दर आठवड्याला आक्कांना लिहून पाठवणार. करार संपल्यावर तीन महिन्यांत त्या यादीतल्या कोणी घर घेतलं, तर त्याची दलाली नक्की. यादीबाहेरच्या कोणी घेतलं, तर नाही. तो लगेच कबूल झाला. त्याला हवं होतं ते त्याला मिळालं होतं.

बाकीचंही जमलं. मुदत नव्वद दिवस, आपोआप वाढणार नाही. शेजाऱ्यांचं आणि दोन नातेवाइकांचं नाव आधीच वगळलं. दलालीचा पाव भाग नोंदणी झालेल्या साठेखताच्या दिवशी, उरलेली खरेदीखताच्या दिवशी. एकूण रक्कम जीएसटी धरून, आकड्यात आणि अक्षरात. एका पानावर, मराठीत, दोघांच्या सह्या, दोघांकडे एकेक प्रत.

शेजाऱ्यांचं शेवटी जमलं नाही. घर त्या मुलानेच विकलं, अडीच महिन्यांत. खरेदीखताच्या दिवशी आक्कांनी त्याच्या हातात चेक दिला, वर घरच्या शेवयांचा डबाही दिला. दोघांच्याही मनात काही राहिलं नाही.

आता अशा एका प्रकाराविषयी, जो कागदावर कधीच येत नाही. "काकू, तुमच्या हातात ४५ देतो, वरचं माझं." ऐकायला सोपं वाटतं, दलालीची कटकट नाही. पण घर ५१ ला गेलं, तर सहा लाख गेले कुठे? आक्कांच्या वडिलांच्या तरुणपणी बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदे व्हायचे. शेतकरी समोर उभा असायचा आणि त्याच्याच मालाचा भाव त्याला दिसायचा नाही. पुढे उघड लिलाव आले. आपण घर विकताना पुन्हा त्या रुमालाखाली कशाला जायचं? एजंटने मालकाला न सांगता स्वतःसाठीच व्यवहार केला, तर त्यातला फायदा मालकाला मागता येतो, असं करार कायद्याचं कलम २१६ सांगतं. पण "वरचं तुझं" असं आपणच म्हणून बसलो, तर मग भांडायचं कशावर?

महिला मंडळाच्या स्वाध्यायात सत्याणुव्रताचे अतिचार आपण सगळ्याच वाचतो. त्यात कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा, फसवा लेख. न्यासापहारही आहे, ठेव ठेवणारा रक्कम विसरून कमी सांगू लागला, तर त्याला तेवढंच देऊन बाकीचं स्वतःकडे ठेवणं. मला हा दुसरा अतिचार नेहमी फार बारीक वाटतो. इथे कोणी उघड खोटं बोललेलं नाही, समोरच्याच्या अज्ञानावर फक्त गप्प बसलंय. न समजणाऱ्या भाषेतला करार पुढे करून "इथे सही करा" म्हणणं त्याच घरातलं नाही का? आणि हे दोन्ही बाजूंनी लागू आहे. एजंटने आणलेलं गिऱ्हाईक लपवणारी विकणारीणही त्यातून सुटत नाही.

तर मैत्रिणींनो, घर विकायला काढाल तेव्हा एका पानावर एवढं लिहून घ्या:

१. दलाली किती, कोणत्या रकमेवर, जीएसटी धरून की वेगळा. एकूण रुपये आकड्यात.

२. दलाली कधी द्यायची. टोकनवर नाही, साठेखत आणि खरेदीखत यांना बांधून. व्यवहार मोडला तर काय, तेही.

३. मुदत किती. आपोआप वाढणार नाही, हे स्पष्ट शब्दांत.

४. हक्क एकट्या एजंटला आहे का? असला, तरी आपण स्वतः शोधलेल्या गिऱ्हाइकावर दलाली नाही. आधीच विचारणा केलेल्यांची नावं वगळून.

५. घर दाखवलेल्यांची यादी, आणि मुदतीनंतर किती महिने ती धरायची.

६. तो घेणाऱ्याकडूनही दलाली घेणार आहे का? आपल्याकडे सर्रास घेतात, पण ते आधी सांगायला हवं. प्रत्येक देऊ केलेला भाव त्याने आपल्याला कळवायचा, हेही लिहा.

७. टोकनचा चेक मालकाच्या नावाने. एजंटच्या खात्यात नाही.

८. किल्ली कोणाकडे, घर कधी दाखवायचं, जाहिरातीचा खर्च कोणाचा.

आणि एक जपा. दलालीच्या कागदाबरोबर मुखत्यारपत्र पुढे केलं, तर सही करू नका. तो वेगळा, फार मोठा अधिकार आहे. तसंच एजंटकडून उचल घेऊ नका. घरात त्याचा स्वतःचा आर्थिक हितसंबंध निर्माण झाला, तर त्याला दिलेला अधिकार काढून घेणं कायद्यानेच अवघड होतं.

सही होऊन गेली असेल आणि कागद फारच एकतर्फी असेल, तरी वाट बंद झालेली नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' ही गोष्ट प्रथमच आली. वाजवी नसलेला भार टाकणारा, किंवा चुकीच्या मानाने फार मोठा दंड लावणारा करार त्यात बसू शकतो, आणि तशी तक्रार राज्य आयोगाकडे जाते. पैसे घेऊन सेवा नीट दिली नाही, एवढीच तक्रार असेल तर जिल्हा आयोग आहे, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. पण या वाटेने जायची वेळच येऊ नये, हे बरं.

मला तर वाटतं, प्रत्येक गावच्या महिला मंडळाने असा एक मराठी नमुना एखाद्या ओळखीच्या वकिलाकडून तपासून घ्यावा आणि कपाटात ठेवावा. आपण प्रवासाच्या बसचे दर ठरवतो, पर्युषणातल्या जेवणाचा हिशेब पैशापर्यंत लिहितो. मग जिच्यावर घर विकायची वेळ आली आहे, तिच्या हातात एक छापील पान द्यायला काय हरकत आहे? "मंडळाचा हाच कागद आहे," असं म्हटलं की एकटीला वाईटपणा घ्यावा लागत नाही. एजंटलाही राग धरता येत नाही.

तुमच्याकडे कोणी घर विकलं असेल, तर कागदात काय होतं ते मला जरूर कळवा. मी नमुन्यात भर घालीन.